क्लायंटचा ट्रेडिंग बॉट डेमो अकाउंटवर कसा तपासायचा

दुसऱ्यासाठी बॉट (आपोआप ट्रेड घेणारं सॉफ्टवेअर) लिहून देणारे, किंवा क्लायंटने कुठूनतरी विकत आणलेला ईए (मेटाट्रेडर या ट्रेडिंग सॉफ्टवेअरमधे चालणारा बॉट) तपासून देणारे जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्वतःचा बॉट स्वतःच्या पैशावर चालवणाऱ्यालाही उपयोग होईल, पण क्लायंट मधे आला की जबाबदारी वाढते, कारण चूक आपली असते आणि पैसे त्याचे जातात.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. डेमोवर, म्हणजे खोट्या पैशाच्या खात्यावर, आपण सॉफ्टवेअर कसं वागतं ते बघायला बसलोय. ऑर्डर वेळेवर जाते का, बरोबर लॉटची (आकाराची) जाते का, स्टॉप लॉस (ठराविक तोट्याला ट्रेड बंद करणारी ऑर्डर) लागतो का, नेट गेलं तर काय करतं, बंद करून परत चालू केलं तर आपलेच ट्रेड ओळखतं का. नफा किती होईल हे डेमोला विचारायचं नाही. मी सुरवातीला विचारायचो, आणि क्लायंटलाही तेच सांगायचो, त्याचं काय झालं ते खाली येईलच.

खातं उघडायच्या आधी

क्लायंट म्हणतो "बॉट तपासून द्या" आणि फाइल पाठवतो. लगेच चार्टवर टाकू नका. आधी त्याच्याकडून नियम लिहून घ्या, एका पानावर, साध्या भाषेत: कधी ट्रेड घेणार, कधी सोडणार, लॉट कसा ठरणार, एका वेळी जास्तीत जास्त किती पोझिशन (उघडे ट्रेड), कुठल्या वेळेत काम करायचं नाही, दिवसाला किती तोटा झाला की थांबायचं. बऱ्याचदा क्लायंटलाच माहीत नसतं, विकणाऱ्याने सांगितलेलं तेवढंच त्याला ठाऊक. मग दोघांनी बसून ते पान तयार करायचं आणि त्याच्याकडून लेखी "हो, हेच पाहिजे" घ्यायचं. हे पान नसेल तर बॉट बरोबर वागतोय की चूक हे ठरवायचं कशावरून? दोन आठवड्यांनी एखादा ट्रेड बघून तो म्हणेल हा घ्यायला नको होता, तुम्ही म्हणाल घ्यायलाच हवा होता, आणि दोघांकडेही दाखवायला काही नसेल.

त्याच बैठकीत हेही विचारून घ्या: लाइव्हला कुठला ब्रोकर, अकाउंटचा प्रकार कोणता, लेव्हरेज (पैशाच्या किती पट ट्रेड घेता येतो ते) किती, खातं कुठल्या चलनात, खरोखर किती पैसे टाकणार, मेटाट्रेडर ५ असेल तर हेजिंग खातं (प्रत्येक ट्रेड वेगळा) की नेटिंग (एका जोडीचे सगळे ट्रेड मिळून एक पोझिशन), बॉट घरच्या कॉम्प्युटरवर चालणार की व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर), आणि त्याच खात्यात अजून एखादा बॉट किंवा तो स्वतः हाताने ट्रेड करणार आहे का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि निम्म्या भानगडी तिथेच होतात.

डेमो क्लायंटच्या मापाचा हवा

डेमो त्याच ब्रोकरचा, त्याच प्रकारच्या अकाउंटचा उघडा. कुठलाही चालेल असं नाही. एका ब्रोकरकडे युरो-डॉलरचं नाव साधं असतं, दुसरीकडे त्याच नावामागे टिंब आणि एखादं अक्षर लावलेलं असतं, आणि बॉटमधे नाव पक्कं लिहिलेलं असेल तर तो गपचूप बसून राहतो. एकाकडे भाव ४ दशांशात, दुसऱ्याकडे ५. जुना ४ दशांशासाठी लिहिलेला ईए ५ दशांशाच्या खात्यावर टाकला की २० पिपचा (पिप म्हणजे भावाच्या चौथ्या दशांशातला एक) स्टॉप २० पॉइंटचा (पॉइंट पाचव्या दशांशातला), म्हणजे २ पिपचा होतो, आणि मग एकतर ब्रोकर ऑर्डर नाकारतो किंवा स्टॉप श्वास घ्यायच्या आत उडतो. हे अजूनही होतं, कारण २००५ पासून मेटाट्रेडर ४ चालू आहे आणि तेव्हाचे कोड आजही हातोहात फिरतायत.

रक्कम तर अगदी तीच ठेवा. डेमो उघडताना १,००,००० आपोआप भरलेलं असतं, आपण पुढे पुढे क्लिक करत जातो, आणि क्लायंट टाकणार असतो १,०००. उदाहरण बघा. तोटा झाला की लॉट दुप्पट करणारा मार्टिंगेल बॉट, पहिली ऑर्डर ०.०१ लॉट, मग ०.०२, ०.०४ असं. दहावी ऑर्डर ५.१२ लॉटची होते आणि दहा मिळून १०.२३ लॉट. युरोमधलं खातं आणि लेव्हरेज १:१०० धरलं तर युरो-डॉलरच्या एका लॉटला १,००० युरो मार्जिन (ट्रेड उघडा असेपर्यंत अडकणारी रक्कम) लागतं. १,००,००० च्या डेमोवर दहाच्या दहा ऑर्डर आरामात जातात, भाव कधीतरी परत फिरतो, सगळं नफ्यात बंद होतं, क्लायंट खूश. १,००० युरोच्या खात्यावर सहा ऑर्डर मिळूनच ६३० युरो मार्जिन अडकतं आणि सातवी घेतली तर एकूण १,२७० लागेल, म्हणजे सातवी जाणारच नाही, आणि तोपर्यंत झालेला तोटा मी यात धरलेलाच नाही. तोच बॉट, तीच सेटिंग. फरक फक्त डेमोच्या रकमेचा. लेव्हरेजचंही तसंच, डेमोला १:५०० दिसतं आणि क्लायंटच्या देशातल्या नियमाप्रमाणे त्याला १:३० च मिळणार असतं, तर तुमची सगळी चाचणी वाया.

डेमो शक्यतो तुम्ही उघडा आणि क्लायंटला इन्व्हेस्टर पासवर्ड द्या. या पासवर्डने सगळं दिसतं पण ट्रेड करता येत नाही, त्यामुळे तो रोज बघू शकतो आणि चुकून हात लागत नाही. उलट बाजूने, क्लायंट त्याच्या लाइव्ह खात्याचा मुख्य पासवर्ड पाठवायला लागला तर घेऊ नका. विश्वास कितीही असला तरी नको. काही बिनसलं तर बॉटमुळे झालं की तुमच्या हातून, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

एका व्हर्जनला एक डेमो. बॉटमधे बदल केला की नवीन खातं किंवा निदान सगळ्या पोझिशन बंद करून नवीन तारखेपासून नोंद. एकाच डेमोवर तीन व्हर्जनचे ट्रेड मिसळले की तो इतिहास टाकून द्यायच्या लायकीचा राहतो. आणि डेमोची मुदत संपते, बऱ्याच ब्रोकरकडे ठराविक दिवस वापर नसला तरी बंद होतं, तेव्हा दर आठवड्याला हिस्ट्रीचा रिपोर्ट सेव्ह करून ठेवायची सवय लावा.

फाइल दुसऱ्याची असेल तर

बॉट तुम्ही लिहिलेला नसेल, फक्त कंपाइल केलेली फाइल आली असेल, तर ती तुमच्या रोजच्या कॉम्प्युटरवर चालवू नका. वेगळी व्हर्च्युअल मशीन किंवा वेगळा व्हीपीएस घ्या, जिथे तुमचं किंवा दुसऱ्या क्लायंटचं कुठलंच लाइव्ह लॉगिन सेव्ह नाही. डीएलएल इम्पोर्टची (बॉटला मेटाट्रेडरबाहेरचा कोड चालवू देणारी) परवानगी बंद ठेवून सुरू करा. बॉट म्हणाला डीएलएलशिवाय चालणार नाही तर विकणाऱ्याला विचारा कशासाठी पाहिजे, आणि समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर क्लायंटला तसं लिहून कळवा.

सोर्स कोड मिळत असेल तर त्यात खातं डेमो आहे की लाइव्ह हे विचारणारी ओळ शोधा. मेटाट्रेडर ४ मधे त्यासाठी इजडेमो नावाचं फंक्शनच आहे, ५ मधे अकाउंटचा ट्रेड मोड विचारता येतो. ती ओळ असणं वाईट नाही, मी स्वतः वापरतो, चुकून लाइव्हवर चढू नये म्हणून. पण त्या ओळीच्या पुढे डेमोवर एक हिशोब आणि लाइव्हवर दुसरा असं काही असेल तर तुमची डेमोवरची चाचणी निरर्थक आहे.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी स्ट्रॅटेजी बघायची नाही. सगळ्यात छोटा लॉट, एकच चार्ट, आणि डोळे मेटाट्रेडरच्या एक्सपर्ट्स आणि जर्नल या लॉगच्या दोन टॅबवर. शक्य असेल तर इनपुट असे ठेवा की बॉट लवकर लवकर ट्रेड घेईल, लहान टाइमफ्रेम, सैल अट, कारण दिवसाला एक ट्रेड घेणारा बॉट तसाच ठेवला तर महिना जाईल आणि तुम्हाला वीसच ऑर्डर बघायला मिळतील.

एरर कोड दिसतील, त्यांना घाबरू नका, ते बघायलाच आलोय. मेटाट्रेडर ४ वर १३० म्हणजे स्टॉप चुकीचा, बहुतेक वेळा ब्रोकरच्या किमान अंतरापेक्षा जवळ. १३१ लॉट चुकीचा. १३४ पैसे कमी. १३८ रिकोट, म्हणजे मधेच भाव बदलला. १४६ म्हणजे ट्रेडची लाइन बिझी, एका टर्मिनलमधे (मेटाट्रेडर प्रोग्रॅममधे) दोन-तीन बॉट एकदम ऑर्डर टाकायला गेले की येतो, म्हणून बॉट एकटा असताना नीट चालतो आणि सोबत दुसरा आला की अडखळतो. मेटाट्रेडर ५ वर कोड वेगळे, १००१४ लॉट, १००१६ स्टॉप, १००१९ पैसे, आणि १००३० हा तर ब्रोकर बदलला की हमखास, ऑर्डर कशी भरायची तो प्रकार ब्रोकरला चालत नाही असा त्याचा अर्थ. १००२७ आला तर बॉटमधे काही शोधत बसू नका, टर्मिनलमधलं ऑटो ट्रेडिंगचं बटण बंद आहे.

एरर आली की बॉटने काय केलं हे कोडच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. चांगला बॉट कारण लॉगमधे लिहितो, थोडं थांबतो, ठराविक वेळा परत प्रयत्न करतो आणि नाहीच जमलं तर सोडून देतो. वाईट बॉट दर टिकला (भाव हलला की) तीच ऑर्डर परत पाठवत राहतो, मिनिटाला शंभर वेळा, आणि लाइव्हवर ब्रोकर खातंच अडवून ठेवू शकतो.

लॉटचा हिशोब मी नेहमी हाताने करून बघतो. बॉट म्हणतो जोखीम १ टक्का, तर स्टॉपचं अंतर, पिपची किंमत, बॅलन्स घेऊन कॅल्क्युलेटरवर मांडा आणि आलेला लॉट जुळतोय का बघा. युरो-डॉलरवर जुळतो. मग येन असलेल्या जोडीवर करा, मग सोन्यावर करा. तिथे फसतात, कारण येनला दशांश वेगळे आणि सोन्याचा एक लॉट साधारणपणे १०० औंसाचा, आणि लिहिणाऱ्याने सगळीकडे १० डॉलर पर पिप धरून ठेवलेलं असतं.

आता मुद्दाम मोडा

खरं काम इथून पुढे. शांत मार्केटमधे, चांगल्या नेटवर, चोवीस तास चालू कॉम्प्युटरवर कुठलाही बॉट बरा दिसतो, आणि डेमोचा सगळ्यात मोठा फायदा हाच की कुणाचंही नुकसान न करता त्याला त्रास देता येतो. लाइव्हवर हे कुणी करू देणार नाही.

पोझिशन उघडी असताना टर्मिनल बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा. बॉटला कळतं का की हा ट्रेड माझा आहे? माझ्याकडे एकदा एक बॉट आला होता, बॅकटेस्ट (जुन्या भावांवरची चाचणी) सुंदर, डेमोवर तीन आठवडे सुंदर, आणि तिथून क्लायंटच्या व्हीपीएसवर गेला. पहिल्याच आठवड्यात रात्री व्हीपीएस अपडेटसाठी स्वतःहून रीस्टार्ट झाला, टर्मिनल परत उघडलं, बॉट उठला आणि त्याने बघितलं की आपल्याकडे काही पोझिशन नाही, कारण "ट्रेड चालू आहे" ही माहिती तो नुसत्या मेमरीत ठेवत होता. अट अजून जुळत होती, त्याने नवीन ट्रेड घेतला. व्हीपीएस त्या रात्री परत परत रीस्टार्ट होत राहिला. सकाळी क्लायंटचा मेसेज, पाच पोझिशन कशा उघड्या? माझ्या तीन आठवड्यांच्या डेमोत मी एकदाही टर्मिनल बंद केलं नव्हतं. तो तोटा मी माझ्या फीमधून वळता केला आणि तेव्हापासून रीस्टार्टची चाचणी दुसऱ्याच दिवशी करतो.

ट्रेड ओळखायला मॅजिक नंबर (बॉट आपल्या ऑर्डरला लावतो तो ओळखीचा आकडा) वापरलाय का ते बघा. काही बॉट ऑर्डरच्या कमेंटवरून ओळखतात, ते भरवशाचं नाही, कमेंट ब्रोकर बदलू शकतो. त्याच डेमोवर तुम्ही हाताने एक ट्रेड उघडा आणि बॉट त्याला हात लावतो का बघा, लावायला नको. उलट बॉटचा ट्रेड तुम्ही हाताने बंद करा, मग तो काय करतो बघा. दुसऱ्या चार्टवर तोच बॉट त्याच मॅजिक नंबरने टाका, क्लायंट हे कधीतरी करणारच.

ऑर्डर जाण्याच्या नेमक्या वेळी नेट काढा. हे जमवायला दोन-चार प्रयत्न लागतात पण करा. ऑर्डर सर्व्हरवर पोचली आणि उत्तर परत आलं नाही, बॉटला वाटलं गेली नाही, त्याने परत पाठवली, दोन पोझिशन. यावर उपाय एकच, परत पाठवण्याआधी आधीची खरंच गेली नाही ना हे सर्व्हरला विचारायचं. एक्सचेंजच्या एपीआयवर (प्रोग्रॅममधून थेट ऑर्डर पाठवायच्या सोयीवर) चालणारा बॉट असेल तर प्रत्येक ऑर्डरला आपण दिलेला वेगळा आयडी पाठवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती वापरलीय का बघा.

इनपुटमधे वेडेवाकडे आकडे टाका. लॉट शून्य, लॉट उणे, स्टॉप रिकामा, वेळ २५ वाजता. कुणी टाकत नाही असं वाटतं, पण क्लायंट घाईत मोबाइलवरून रिमोटने सेटिंग बदलतो तेव्हा बोट कुठेही पडतं. आणि भाव कधीच शून्याखाली जाणार नाही असं कोडमधे धरलेलं असेल तर तेही पकडा, २० एप्रिल २०२० ला अमेरिकन कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता, आणि उणे भाव घ्यायची तयारी नसलेली सॉफ्टवेअर त्या दिवशी गोंधळली.

वेळेचा घोळ

बॉट कुठलं घड्याळ बघतो? सर्व्हरचं, कॉम्प्युटरचं की जीएमटी? बरेच फॉरेक्स ब्रोकर सर्व्हर हिवाळ्यात जीएमटी अधिक २ आणि उन्हाळ्यात अधिक ३ वर ठेवतात, म्हणजे दिवसाची कॅन्डल (चार्टवरची एका कालावधीच्या भावाची पट्टी) न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ ला बंद होते. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे दोघांतलं अंतर एका तासाने बदललेलं असतं. लंडन ओपनवर ट्रेड घेणारा बॉट या आठवड्यांत एक तास आधी किंवा नंतर उठू शकतो. तुमची चाचणी जूनमधे असेल तर हे दिसणारच नाही, तेव्हा कोड वाचून किंवा टेस्टरमधे मार्चच्या तारखा टाकून वेगळं तपासा.

रात्री रोलओव्हरच्या (ट्रेडिंगचा दिवस बदलायच्या) वेळी स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर) फुगतो, ती वेळ बॉट टाळतो का? बुधवारी रात्री बहुतेक जोड्यांवर तीन दिवसांचा स्वॅप (ट्रेड रात्रभर ठेवल्याचं व्याज) एकदम लागतो, तो बॉटच्या नफ्याच्या हिशोबात धरलाय का? शुक्रवारी बंद आणि सोमवारी गॅपने उघडलं तर? अमेरिकेचा रोजगाराचा आकडा साधारण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी न्यूयॉर्कच्या सकाळी ८:३० ला येतो, त्या वेळी बॉट चालू ठेवा आणि समोर बसा.

डेमो कुठे खोटा पडतो

डेमोवर तुमची ऑर्डर खऱ्या मार्केटमधे जातच नाही. सर्व्हर समोरचा भाव बघतो आणि सांगतो, झाली. समोर विकणारा कुणी आहे का, तेवढा माल आहे का, हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे मोठा लॉट पण एका भावात भरला जातो, लिमिट ऑर्डर भाव नुसता टेकला तरी भरते (खऱ्या एक्सचेंजवर तुमच्या आधी रांगेत बाकीचे असतात), आणि स्टॉप बऱ्याचदा सांगितलेल्या भावातच लागतो.

स्कॅल्पर (थोड्या पिपसाठी झटपट आत-बाहेर करणाऱ्या) बॉटला हे सगळ्यात जास्त लागू. डेमोवर दर ट्रेडमागे सरासरी ३ पिप मिळतायत आणि लाइव्हवर आत जाताना अर्धा आणि बाहेर पडताना अर्धा पिप घसरला तर उरले २, तिसरा हिस्सा गेला. सरासरी १ पिपच असेल तर काहीच उरलं नाही. म्हणून मी डेमोचा रिपोर्ट काढल्यावर प्रत्येक ट्रेडमधून आधी अर्धा, मग एक, मग दोन पिप वजा करून तीन वेळा बेरीज करतो. एक पिप वजा केल्यावर बॉट तोट्यात जात असेल तर ते क्लायंटला सांगणं माझं काम आहे. टोकाचं उदाहरण म्हणजे १५ जानेवारी २०१५, स्विस सेंट्रल बँकेने युरोमागची १.२० ची मर्यादा एकदम काढली आणि लोकांचे स्टॉप जिथे लावले होते तिथून कितीतरी खाली भरले गेले, काहींची खाती उणे झाली. असा दिवस डेमो दाखवत नाही.

डेमोचा अजून एक उपयोग फार कमी लोक करतात. डेमो चार आठवडे चालवला की त्याच चार आठवड्यांवर, त्याच सेटिंगने बॅकटेस्ट चालवा, मेटाट्रेडर ५ असेल तर खऱ्या टिकवाला मोड निवडा, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून ट्रेड जुळवा. वेळ, दिशा, भाव. थोडाफार फरक असणार. पण डेमोवर ३० ट्रेड आणि बॅकटेस्टला ४५ असतील तर काहीतरी गडबड आहे, बॉट चालू कॅन्डल बंद व्हायच्या आधीच तिचा भाव वापरतोय, किंवा नेट गेलं तेव्हा काही सुटले, किंवा स्प्रेडची अट लागतेय. जुळत नसेल तर क्लायंटला दाखवलेली पाच वर्षांची बॅकटेस्टही विश्वासाची राहत नाही, कारण जी चार आठवडे तपासता आली तीच जुळली नाही.

एपीआय वापरणारे बॉट

इथे मुख्य धोका डेमो आणि लाइव्हची अदलाबदल. इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सच्या टीडब्ल्यूएस या सॉफ्टवेअरमधे पेपर (डेमो) खात्याचा पोर्ट ७४९७ आणि लाइव्हचा ७४९६, एका आकड्याचा फरक. ओअँडा या ब्रोकरला प्रॅक्टिस आणि लाइव्हचे पत्ते वेगळे. बायनान्स या क्रिप्टो एक्सचेंजच्या टेस्टनेटच्या (खोट्या पैशाच्या चाचणी सर्व्हरच्या) कीज (लॉगिनचे कोड) वेगळ्या काढाव्या लागतात आणि तिथला डेटा मधेमधे पुसला जातो, त्यामुळे तिथे लांबलचक इतिहास साठवायच्या भरवशावर राहू नका. टेस्टनेटवरचे भाव आणि ऑर्डर बुक खऱ्या मार्केटसारखे नसतात, म्हणून ते फक्त ऑर्डर जाते-येते का बघायला.

पोर्ट, पत्ता आणि की कोडमधे लिहू नका, वेगळ्या सेटिंग फाइलमधे ठेवा, आणि बॉट सुरू होताना लॉगच्या पहिल्या ओळीत खात्याचा नंबर आणि डेमो की लाइव्ह हे छापायला लावा. लाइव्ह असेल तर क्लायंटने हाताने "हो" टाइप केल्याशिवाय पुढे जायचं नाही. मेटाट्रेडरमधे खातं बदललं की ऑटो ट्रेडिंग बंद करायचा पर्याय सेटिंगमधे आहे, तो टिक केलेला ठेवा.

जुना, वापरात नसलेला कोडही काढून टाका. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीकडून आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड टाकायचा राहून गेला, त्या एकावर वर्षानुवर्षं बंद पडलेला जुना कोड जागा झाला, आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. आपलं काम छोटं आहे, पण डेमोसाठी घातलेला "टेस्ट मोड" तसाच ठेवून लाइव्हला पाठवणं ही याच जातीची चूक आहे.

किती दिवस, आणि क्लायंटला काय द्यायचं

दिवस मोजू नका, प्रसंग मोजा. निदान एक रोजगाराचा शुक्रवार, चार वीकेंड, चार बुधवारचे स्वॅप, एक महिनाअखेर, आणि बॉटच्या प्रत्येक नियमाचा निदान एकदा तरी वापर झालेला पाहिजे. दिवसाचा तोटा मर्यादेवर गेला की थांबतो हा नियम महिनाभरात लागलाच नाही तर मर्यादा मुद्दाम खाली आणून तो लावून बघा.

आता ते आधी म्हटलेलं. एका क्लायंटला मी पहिला रिपोर्ट दिला त्याच्या पहिल्याच पानावर वर चढत गेलेला आलेख होता आणि खाली नफ्याचा टक्का. सहा आठवड्यांचा डेमो. मी काही खोटं लिहिलं नव्हतं, बॉट खरंच तसा चालला होता. त्याने तो आलेख घरी दाखवला आणि ठरलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे टाकले, मला न विचारता, आणि दोन महिन्यांत त्यातले बरेच गेले. तो मला काही बोलला नाही. पण ते पान मी छापलं होतं, आणि त्याने ते जसं वाचलं तसं कुणीही वाचलं असतं.

त्यानंतर माझ्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर नफ्याचा आकडा नसतो. तिथे ते नियमांचं पान असतं, प्रत्येक नियमापुढे तपासला, किती वेळा, निकाल काय. दुसऱ्या पानावर सापडलेल्या चुका, दुरुस्त झालेल्या आणि राहिलेल्या. मग स्लिपेज (ठरलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) वजा केलेल्या तीन बेरजा आणि बॅकटेस्टशी जुळवणी. आणि ठळक अक्षरात हे वाक्य: "ही चाचणी सॉफ्टवेअर ठरलेल्या नियमांप्रमाणे चालतं का हे बघण्यासाठी होती, यावरून पुढे होणाऱ्या नफ्याचा अंदाज बांधू नये." क्लायंट विचारतोच, मग नफा होईल ना? मी सांगतो, नियम बरोबर पाळतो एवढं मी तपासलंय, नियम चांगले आहेत का हे मी सांगू शकत नाही. काही क्लायंट यावर नाराज होतात, एक-दोन सोडूनही गेले, जाऊ दिले.

लाइव्हला जायचंच असेल तर सगळ्यात छोट्या लॉटने चार आठवडे, आणि तेवढा वेळ डेमो बंद करायचा नाही. दोन्ही एकाच व्हीपीएसवर, वेगवेगळ्या टर्मिनलमधे, तीच सेटिंग. दर शनिवारी दोन्हीच्या याद्या शेजारी ठेवून प्रत्येक ट्रेडचा आत जायचा आणि बाहेर यायचा भाव वजा करा. तो फरक म्हणजे त्या ब्रोकरकडे त्या बॉटचं खरं स्लिपेज, आणि तोपर्यंत अंदाजाने वजा केलेल्या अर्ध्या-एक पिपच्या जागी हा आकडा टाकून रिपोर्ट परत करून द्या, लॉट वाढवायचा की नाही ते क्लायंट त्यावरून ठरवेल.